लिंटेल लोखंडी निघालं? मग ब्लाइंड पक्का बसणार

इंग्लंडात नवीन घर घेतलेली आपली माणसं मला फोन करतात तो बहुतेक वेळा पडद्यांवरून. "ताई, खिडकीच्या वर ड्रिल मारतोय. दीड सेंटिमीटर लोण्यासारखं जातं आणि मग काही केल्या पुढे सरकत नाही. नुसता कर्कश आवाज." मी पहिल्यांदा विचारते, मशीनवरचं बटण हातोडीच्या चिन्हावर आहे का? उत्तर ठरलेलं असतं. हो. मग मी सांगते, मशीन खाली ठेवा, ते बिट, म्हणजे ड्रिलचं टोकदार पातं, मेलं. पण तुमचं नशीब चांगलं आहे, लोखंड सापडलंय.

नशीब चांगलं हे मी मनापासून म्हणते. डिप्लोमानंतर शिरोली एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी काही वर्षं काढली, म्हणून लोखंडाची भीती गेलेली असेल कदाचित. पण आता स्विंडनला राहून इथल्या भिंतींशीही चांगली ओळख झालीये. या भिंतीत ब्लाइंड, म्हणजे खिडकीचा गुंडाळायचा पडदा, लावायला लोखंडी लिंटेलपेक्षा, म्हणजे खिडकीवरचा भार तोलणाऱ्या आडव्या तुळईपेक्षा, भरवशाची जागा नाही. फक्त तिला भिंत समजायचं नाही, पत्रा समजायचं. सगळं काम या एका गोष्टीवर आहे.

आपल्याकडे खिडकीवर आरसीसी लिंटेल असतं. हॅमर ड्रिल लावायचं, प्लग ठोकायचा, स्क्रू पिळायचा, झालं. तीच सवय घेऊन आपण इथे येतो. इथली गेल्या काही दशकांतली घरं दोन पदरी भिंतीची असतात: बाहेर विटा, मध्ये पोकळी आणि त्यात इन्सुलेशन, आत हलक्या करड्या ब्लॉकची भिंत. खिडकीवर हे दोन्ही पदर तोलून धरायला जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याचं, वाकवून घडवलेलं लिंटेल असतं. पत्र्याची जाडी साधारण दीड ते सव्वातीन मिलिमीटर. आत पोकळ, बऱ्याचदा थर्माकोल भरलेलं. बिल्डर लोक कुठल्याही कंपनीचं असलं तरी त्याला सर्रास 'कॅटनिक' म्हणतात. याच कॅटनिकच्या लिंटेलवरून 1980च्या सुमारास हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पेटंटचा खटला गेला होता. दुसऱ्या कंपनीने मागची उभी पट्टी सहा-आठ अंशांनी तिरकी केली आणि म्हणाली, आमचं वेगळं आहे. लॉर्ड डिप्लॉक यांनी ते काही ऐकलं नाही. पेटंट शिकणाऱ्या मुलांना हा खटला आजही वाचावा लागतो. आपल्या डोक्यावरच्या त्या पत्र्याला एवढा इतिहास आहे.

हे लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत साधारण 150 मिलिमीटर शिरलेलं असतं. त्यामुळे पडद्याचा दांडा लावताना "मी तर खिडकीच्या बाहेर ब्रॅकेट लावतोय, तरी लोखंड कसं लागलं?" असा प्रश्न पडू देऊ नका. उंचीतही ते वीतभर वर गेलेलं असू शकतं.

मात्र घर जुनं असेल तर आधी खात्री करून घ्या. 1930च्या दशकातल्या जोडघरांत काँक्रीटचं लिंटेल निघू शकतं, त्याहून जुन्या ओळीतल्या घरांत आतल्या बाजूला चक्क लाकडाचं. लाकूड निघालं तर लाडू खा, साधा लाकडाचा स्क्रू लागेल. काँक्रीट निघालं तर त्यात ताणलेल्या पोलादी तारा असण्याची शक्यता धरून चाला. त्या तारा खालच्या अंगाला असतात, म्हणून खालून खोल भोक पाडायचं नाही. हॅमर ड्रिल तिथे चालतं, पण कमी खोल. तार लागल्यासारखी वाटली तर हट्ट न करता जागा बदलायची.

लोखंड आहे की नाही हे कळायला ड्रिल लागत नाही, चुंबक लागतो. फ्रीजवरचा शोभेचा चालणार नाही, कारण मध्ये सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर प्लास्टर असतं. बटणाएवढा निओडिमियमचा जोरदार चुंबक घ्या, त्याला दोरा बांधा किंवा चिकटपट्टीत गुंडाळा आणि खिडकीच्या कोनाड्याच्या छतावरून सावकाश फिरवा. इथे एक फसगत होते. प्लास्टरचा बाहेरचा कोपरा सरळ राहावा म्हणून त्यात पत्र्याची पट्टी बसवलेली असते. चुंबक तिलाही चिकटतो. त्यामुळे कडेवर चिकटला म्हणून खूश होऊ नका. कडेपासून पाच-सहा सेंटिमीटर आत, काचेच्या दिशेने सरकवून बघा. तिथेही ओढ कायम असेल तर खाली लिंटेल आहे. काही लिंटेलांत आतला पत्रा जेमतेम ब्लॉकच्या रुंदीचा असतो आणि त्यापुढे पोकळीखाली नुसता प्लास्टरबोर्ड. चुंबक अचानक सुटला तर समजा तिथे पत्रा संपला. पेन्सिलीने ती हद्द आखून घ्या. ब्लाइंडचं ब्रॅकेट त्या रेषेच्या अलीकडेच बसलं पाहिजे. खिडकीच्या मूठीला ब्लाइंड अडकू नये म्हणून लोक ब्रॅकेट काचेपासून लांब ठेवतातच, तेव्हा बहुधा अडचण येत नाही.

विजेचीही खातरजमा करा. इथे भिंतीतल्या तारा स्विच-सॉकेटच्या सरळ रेषेत, उभ्या किंवा आडव्या जातात. शिवाय खोलीच्या छतापासून आणि कोपऱ्यांपासून 150 मिलिमीटरच्या पट्ट्यातही असू शकतात. कोनाड्याच्या छतात तार सहसा नसते, पण खिडकी छताला टेकलेली असेल आणि तुम्ही ब्रॅकेट खिडकीच्या वरच्या भिंतीवर लावणार असाल तर तो पट्टा तुमच्या कामाच्या आडवा येतो. चोरघंटीची बारीक तार मात्र खिडकीशी हमखास सापडते. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, फोनवरची नको.

आता बिटं. या कामाला दोन वेगवेगळी बिटं लागतात आणि ती एकमेकांचं काम करत नाहीत. पहिलं विटा-काँक्रीटचं, टोकाला कार्बाइडचा रुंद तुकडा असलेलं. दुसरं धातूचं, एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं. शक्यतो कोबाल्टवालं घ्या. त्यात सुमारे पाच टक्के कोबाल्ट असतो, त्यामुळे तापलं तरी धार टिकते. सेटमधली सोनेरी रंगाची बिटं दिसायला छान असतात, पण तो वरचा मुलामा आहे. आतलं पोलाद साधं असेल तर सोन्याचा काही उपयोग नाही. दोन-तीन सुटी कोबाल्ट बिटं त्या अख्ख्या डब्यापेक्षा कामाची. बाकी सामान: गॉगल, सेंटर पंच नाहीतर जाड खिळा, छोटी हातोडी, थोडं ग्रीस, व्हॅक्यूम क्लीनर, पायाखाली हलणार नाही अशी शिडी आणि स्क्रू. स्क्रूंकडे नंतर येते.

गॉगल हे आईचं सांगणं समजून ऐका. डोक्यावर ड्रिल चालवताना लोखंडाचा तापलेला कीस सरळ डोळ्यात पडतो. चष्मा असेल तरी वरून फट असतेच. टूलरूममध्ये आमचे फोरमन गॉगलशिवाय मशीनजवळ उभंही राहू द्यायचे नाहीत, आणि तिथे तर जॉब खाली असायचा.

ब्रॅकेट जागेवर धरून भोकांच्या खुणा करा. लेव्हल लावा, पण तिच्यावर आंधळा विश्वास नको. या घरांतल्या खिडक्या स्वतःच थोड्या कलत्या असतात. ब्लाइंड लेव्हलला सरळ आणि खिडकीला तिरका दिसण्यापेक्षा दोन्ही टोकं खिडकीच्या चौकटीपासून सारखी ठेवलेली बरी. रोलर ब्लाइंड फारच कलता झाला तर कापड एका बाजूला सरकत गुंडाळलं जातं, एवढं लक्षात ठेवून मधला मार्ग काढा.

मग कार्बाइडचं पाच-सहा मिलिमीटरचं बिट लावा, हॅमर बंद, आणि फक्त प्लास्टर पोखरा. धातूला टेकलं की हाताला लगेच कळतं: आवाज बदलतो, भुकटी पडायची थांबते. तिथेच थांबा. याच बिटाने लोखंड फोडायचा प्रयत्न केला की त्याचा कार्बाइड झिजतो, आणि हॅमर चालू असेल तर टोकाचा तुकडाच उडतो. प्लास्टरचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवण्यामागे दोन कारणं आहेत. एक, स्क्रू पिळताना प्लास्टर तडकत नाही. दोन, पुढचं बारीक बिट प्लास्टरला न घासता थेट पत्र्यावर जाऊन टेकतं. प्लास्टरमध्ये वाळू असते आणि वाळू एचएसएसची धार खाते. म्हणूनच आधी भोकातली भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक तेच टाळतात.

आता भोकात सेंटर पंच घालून हातोडीचा एक नेमका ठोका. पत्र्यावर खळगा पडला पाहिजे, नाहीतर गुळगुळीत जस्तावरून बिट सटकतं. काही लिंटेलांच्या तळाला प्लास्टर धरावं म्हणून छोटी भोकं पाडलेली असतात. पंच तशा भोकात घुसला तर पुढे ड्रिल मारू नका, पाच मिलिमीटर बाजूला सरका. आयतं भोक मिळालं म्हणून स्क्रू तिथेच घातला तर तो धरणार नाही.

धातूचं बिट 3.3 किंवा 3.5 मिलिमीटरचं. आधी दोनचं, मग तीनचं, मग साडेतीनचं असं चढत जायला बरेच जण सांगतात. टेबलावर ते ठीक आहे. डोक्यावर हात ताणून दोन मिलिमीटरचं बिट चालवलं की मनगट जरा हललं तरी ते मोडतं आणि तुकडा भोकात अडकून बसतो. मी थेट 3.3ने जाते. टोकाला ग्रीसचा ठिपका लावते. पातळ तेल नको. ते बिटावरून ओघळतं, प्लास्टरमध्ये मुरतं आणि वरून कितीही रंग द्या, डाग परत डोकं काढतो.

मशीन पहिल्या गियरवर, हॅमर बंद. वेग कमी, दाब जास्त. आपला हात नेमका उलटं करतो: भोक पडत नाही म्हणून ट्रिगर पूर्ण दाबतो आणि हात भरून आला म्हणून दाब कमी करतो. मग बिट कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की तापतं, निळं पडतं, आणि निळं पडलेलं बिट कचऱ्यातच. बिट नीट कापतंय की नाही हे कीस बघून कळतं. सुरळीच्या वडीसारखी वळलेली चिप बाहेर येत असेल तर सगळं ठीक चाललंय. काळपट भुकटी आणि किंचाळणं असेल तर थांबा, बिट गार होऊ द्या, धार बघा. वरच्या दिशेने दाब देण्यासाठी एक पायरी वर चढा, म्हणजे मशीन खांद्याच्या उंचीला येईल आणि अंगाचा जोर लावता येईल. हात पूर्ण ताणून दाब देता येत नाही, पडायला मात्र होतं.

पत्रा पार होण्याच्या क्षणी बिट गचका देतं. मशीनचा आवाज थोडा मऊ झाला की दाब सोडा आणि बिट फिरतं ठेवूनच पुढे जाऊ द्या. पार गेल्यावर हात अचानक हलका होतो, आतून थर्माकोलचे पांढरे दाणे गळतात. घाबरू नका, घराचं काही बिघडलेलं नाही. बिट मोडून अडकलंच तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. तो तुकडा तिथेच राहू द्या, सेंटिमीटरभर बाजूला नवीन भोक घ्या, जुन्यावर फिलर भरा.

"लिंटेलला भोक पाडलं तर घर कमकुवत नाही ना होणार?" हा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. चार मिलिमीटरच्या स्क्रूपुरतं भोक पाडून काही बिघडत नाही. पण लिंटेल कापणं, त्यात पाइप जाईल एवढं भोक करणं, कड वाकवणं, हे अजिबात नाही. याच कारणासाठी मी इथे पंखवाले स्प्रिंग टॉगल वापरत नाही. त्यांना दहा मिलिमीटरच्या वर भोक लागतं. आणि भोकं आतल्या बाजूच्या पत्र्यातच हवीत. बाहेरचा पत्रा पोकळीतलं पाणी बाहेर काढायचं काम करतो, त्याला हात लावायचा नाही.

ब्लाइंडच्या पाकिटात आलेले स्क्रू आणि प्लास्टिकचे प्लग बाजूला ठेवून द्या. ते लाकूड आणि विटांसाठी असतात. पत्र्यात प्लगला फुगून घट्ट धरायला भिंतच मिळत नाही. लागतो तो सेल्फ टॅपिंग, म्हणजे पत्र्यात स्वतःच आटे पाडणारा स्क्रू, 8 नंबर, म्हणजे 4.2 मिलिमीटर, चपट्या गोल डोक्याचा. पत्रा पातळ असेल तर 3.2-3.3चं भोक, जाड असेल तर 3.5. लांबीचा हिशोब सोपा: ब्रॅकेटचा पत्रा, प्लास्टर, लिंटेल आणि वर दहाएक मिलिमीटर. नेहमीच्या प्लास्टरला 32 किंवा 38चा स्क्रू पुरतो. स्वतःच भोक पाडत जाणारे, टोकाला ड्रिल असलेले स्क्रूही मिळतात आणि छपराच्या पत्र्यावर ते झकास चालतात. छतात मला ते आवडत नाहीत. प्लास्टरमधून जातानाच टोक बोथट होतं, आणि पत्रा त्या टोकापेक्षा जाड निघाला तर भोक पुरं व्हायच्या आत आटे धरतात आणि स्क्रू तुटतो.

स्क्रू मशीनने अर्धा न्या, शेवटचे फेरे हाताने. दोन मिलिमीटर पत्र्यात आटे किती बसणार? जरा जास्त पिळलं की ते खरवडून जातात आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो. तसं झालं तर त्याच भोकात 10 नंबरचा, 4.8 मिलिमीटरचा स्क्रू घाला. तो स्वतःचे नवे आटे पाडून घेतो.

नव्या घरांत एक वेगळी भानगड असते. तिथे ओलं प्लास्टर नसतं, साडेबारा मिलिमीटरचा प्लास्टरबोर्ड गोंदाच्या गोळ्यांवर चिकटवलेला असतो आणि त्यामागे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पोकळी. बोटाने ठोकून बघा, ढबढब वाजेल. अशा ठिकाणी लोखंड खोलवर लागतं, स्क्रू 50चा घ्यावा लागतो, आणि तो पिळत गेलात तर बोर्ड आत दबून तडकतो. उपाय: पोकळीच्या खोलीएवढा कापलेला प्लास्टिक नळीचा तुकडा बोर्डाच्या भोकातून आत सरकवा, लोखंडाला टेकू द्या आणि त्याच्यातून स्क्रू घाला. बाहेरचं तोंड बोर्डाच्या पातळीत आलं पाहिजे. मग ताण नळीवर येतो, बोर्ड वाचतो. नळीसाठी बोर्डाचं भोक तेवढं मोठं करावं लागेल, ब्रॅकेटखाली ते झाकलं जातं.

हे सगळं वाचून कुणाला शिडीवर चढावंसंच वाटलं नाही तर पीव्हीसीच्या चौकटीला नुसते अडकवायचे ब्लाइंड मिळतात, भोक लागत नाही. महाग पडतात, पण भाड्याच्या घरात मी तेच सुचवीन. चौकटीत स्क्रू मारायचा मोह मात्र आवरा. आत पाणी निचऱ्याचे कप्पे असतात, आणि खिडकीची वॉरंटी त्या एका स्क्रूने जाऊ शकते.

काम झाल्यावर कीस झाडूने लोटू नका. तोच चुंबक पातळ पिशवीत घालून खिडकीच्या कट्ट्यावरून आणि गालिच्यावरून फिरवा, पिशवी उलटी करा, सगळा कीस तिच्यात. राहिलेला एखादा कण ओलाव्याने गंजतो आणि पांढऱ्या कट्ट्यावर नारिंगी ठिपका सोडतो, जो घासून जात नाही.

घरात लहान मूल असेल, किंवा नातवंडं येणार असतील, तर ब्लाइंड वरखाली करायची साखळी ताणून धरणारी क्लिप लावल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. लोंबणाऱ्या साखळीचा फास मुलांच्या गळ्याला बसतो. इथे त्यासाठीचं मानक 2014मध्ये अधिक कडक झालं आणि तेव्हापासून ही क्लिप पाकिटातच येते. बरेच जण ती सुटा भाग उरला म्हणून टाकून देतात. दोरी गुंडाळायचा हूक असेल तर तो जमिनीपासून किमान दीड मीटरवर हवा. क्लिप कोनाड्याच्या बाजूच्या भिंतीत जाते. तिथे लोखंड नाही, हलका ब्लॉक आहे, म्हणून पाकिटातला तो प्लास्टिकचा प्लग आता बाहेर काढा. हॅमर इथेही बंदच ठेवा. नाहीतर ब्लॉक भुगा होऊन भोक मोठं होतं आणि प्लग बोटाने बाहेर येतो.